किल्ली कुणाच्या कमरेला?

गेल्या श्रावणातली गोष्ट. नागपंचमीचा आदला दिवस. हळदीची पानं धुऊन-पुसून ठेवली होती, नारळ खवून झाला होता, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, यंदा तुझ्या आईच्या पद्धतीच्या पातोळ्या कर. तवशाच्या करायची ना ती?"

प्रमाण काही माझ्या लक्षात नव्हतं. पण त्याची काळजी नव्हती. आईची पाककृतींची वही मी लग्नानंतर एका उन्हाळ्यात माहेरी बसून सगळी टाईप करून आणली होती. पदार्थ, लोणची, बाळंतिणीचे लाडू, मध्येमध्ये तिनं लिहून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या, सगळं. आई 2019 साली गेली आणि तिची वही 2021 च्या जुलैत चिपळूणच्या पुरात गेली. राहिली ती फक्त आमच्या कॉम्प्युटरमधली.

हात पुसत पुसत फाईल उघडली आणि मी बघतच राहिले. मराठीचं एक अक्षर नाही! जिथे पातोळ्या असायच्या तिथे इंग्रजी अक्षरं, डॉलरच्या खुणा, उलटी प्रश्नचिन्हं. पानंच्या पानं तशी. पोटात अगदी खड्डा पडला.

आदल्याच आठवड्यात कॉम्प्युटर दुरुस्त करून आणला होता. दुरुस्तीवाल्या मुलाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "वहिनी, तुमचा तो मराठीचा प्रोग्रॅम कॉपी केलेला होता. क्रॅक मारलेला. नव्या विंडोजनं तो व्हायरस समजून काढून टाकला असणार. अक्षरं आहेत तुमची, पण ती वाचणारा गेला."

फोन स्पीकरवर होता. आमचे चिरंजीव यंदा सातवीत आहेत, ते शेजारीच बसले होते. फोन ठेवल्यावर त्यानं विचारलं, "आई, म्हणजे आपला प्रोग्रॅम चोरीचा होता?"

मी म्हटलं, "चोरीचा कसला? सगळ्यांकडे तसाच असतो."

"मग तू त्या दिवशी त्या मुलीला का उभं केलंस? तीही म्हणाली होती, सगळेच करतात."

मी अर्धवेळ शिक्षिका आहे, मराठी शिकवते. त्याच आठवड्यात एका मुलीनं मोबाईलवरून अख्खा निबंध उतरवून आणला म्हणून मी तिला वर्गासमोर उभं केलं होतं. घरी येऊन मोठ्या फुशारकीनं ते सांगितलंही होतं. त्या क्षणी मुलाला उत्तर देता आलं नाही. "जा, आजीला फुलं काढून दे," म्हणून मी विषय टाळला. पातोळ्या शेवटी नेहमीच्याच केल्या.

रात्री ह्यांच्याशी बोलले. 2014 साली आम्ही कॉम्प्युटर घेतला तेव्हा दुकानदारानं सांगितलं होतं, "सगळं टाकून देतो, वेगळे पैसे नकोत." विंडोज, टायपिंग, हिशोबाचा प्रोग्रॅम, मुलांचे खेळ, सगळं आलं. भाजीवाली मूठभर कोथिंबीर वर टाकते ना, तसंच वाटलं आम्हाला. कोथिंबीर निदान तिची स्वतःची असते, आणि हे दुकानदारानं तिसऱ्याचंच वाटलं होतं, हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आणि आलं असतं तरी काय? सगळं रीतसर घ्यायचं म्हणजे कॉम्प्युटरच्या किमतीशी स्पर्धा करणारी रक्कम झाली असती. तेव्हा घराचे हप्ते चालू होते.

पुढचे काही दिवस मी ह्या विषयाचा पिच्छाच पुरवला. जे कळलं ते तुम्हालाही सांगावंसं वाटतं, कारण माझ्यासारख्याच तुम्हीही असाल.

पहिलं म्हणजे कायदा. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यात 63-ब असं एक कलम आहे. कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरली तर कमीत कमी सात दिवस आणि जास्तीत जास्त तीन वर्षं कैद, शिवाय पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. धंद्यासाठी नव्हे तर नुसती घरगुती वापरली असेल, तर न्यायालय कैद माफ करून पन्नास हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. हे वाचून माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच आठवलं, हे संध्याकाळी दोन दुकानांचे हिशोब लिहून देतात. त्याचे पैसे मिळतात. म्हणजे आमचं घरगुतीही नव्हतं!

दुसरं, ज्याचं चोरलं त्याची बाजू. 1976 च्या फेब्रुवारीत बिल गेट्स अवघा वीस वर्षांचा होता. त्यानं आणि त्याच्या मित्रानं अल्टेर नावाच्या छोट्या कॉम्प्युटरसाठी बेसिक भाषेचा प्रोग्रॅम लिहिला होता. लोक तो एकमेकांना फुकट वाटत सुटले. तेव्हा त्यानं छंद म्हणून कॉम्प्युटर जुळवणाऱ्यांना एक उघडं पत्र लिहिलं. त्यात हिशोब होता. आलेल्या पैशांना घातलेल्या वेळानं भागलं तर तासाला दोन डॉलरसुद्धा पडत नाहीत, असा. घरात राबणाऱ्या बाईला हे गणित समजावून सांगावं लागत नाही. आपल्या कामाचे तास कुणीच मोजत नाही, ह्याचं दुःख आपल्याला चांगलं ठाऊक आहे. आमचा मराठीचा प्रोग्रॅमही कुणा मराठी माणसांनीच रात्री जागून लिहिला असेल. आपला र-फार, आपला ळ, आपली जोडाक्षरं कॉम्प्युटरला शिकवणं काय सोपं काम आहे? त्यांच्या मेहनतीवर मी वर्षानुवर्षं प्रश्नपत्रिका काढल्या आणि एक पैसा दिला नाही.

पण मैत्रिणींनो, ह्या गोष्टीला दुसरी बाजूही आहे, आणि ती वाचून मला रागही आला.

त्याच गेट्स साहेबांनी 1998 साली, जगातले सर्वांत श्रीमंत झाल्यावर, चीनबद्दल बोलताना सांगितलं की लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं. त्यांना त्याची सवय लागेल आणि पैसे कसे वसूल करायचे ते पुढच्या दहाएक वर्षांत बघता येईल. दारावर साबणाची छोटी वडी फुकट देऊन जाणाऱ्या विक्रेत्याची आठवण झाली. वडी संपते, पण हाताला त्या वासाची सवय लागलेली असते. म्हणजे आम्ही चोर खरे, पण मालकानंही दार जरा किलकिलं ठेवलेलंच होतं की काय, कोण जाणे!

आणि रीतसर पैसे मोजले तरी वस्तू आपली होतेच असं नाही. 2009 च्या जुलैत अमेरिकेत काय झालं बघा. अ‍ॅमेझॉन कंपनीचं किंडल हे पुस्तक वाचायचं यंत्र आहे. त्यावर लोकांनी पैसे देऊन जॉर्ज ऑर्वेलची 'नाइन्टीन एटी-फोर' आणि 'अ‍ॅनिमल फार्म' ही पुस्तकं घेतली होती. ज्यानं ती तिथे विकायला ठेवली त्याच्याकडे हक्कच नव्हते असं कंपनीला कळलं. मग कंपनीनं काय करावं? लोकांच्या घरातल्या यंत्रांतून ती पुस्तकं परस्पर पुसून टाकली! पैसे परत केले, नाही असं नाही. पण एका शाळकरी मुलानं अभ्यासाची टिपणं त्या पुस्तकावर करून ठेवली होती, ती निरुपयोगी झाली. तो कोर्टात गेला. कंपनीच्या मालकानं जाहीर माफी मागितली. त्यात ऑर्वेलचं ते पहिलं पुस्तक म्हणजे नको असलेला मजकूर पुसून टाकणाऱ्या राजवटीची गोष्ट!

कल्पना करा, पुस्तकवाला रात्री आपल्या घरात शिरला, फडताळातून पुस्तक काढून नेलं आणि टेबलावर पैसे ठेवून गेला. आपण त्याला काय म्हटलं असतं?

आता तर विकत देण्याचीच पद्धत मागे पडत चालली आहे. चित्रं आणि छपाईची सॉफ्टवेअरं करणाऱ्या अडोबी कंपनीनं 2013 साली नव्या आवृत्त्या कायमच्या विकणं थांबवून भाड्यानं द्यायला सुरुवात केली. भाडं भरा, वापरा. थांबलात की कुलूप. आमच्या सासूबाईंना हे समजावून सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे पाटा-वरवंटा घरात, पण वाटायचं असेल तर दर महिन्याला पाथरवटाला पैसे द्यायचे!" ह्याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

सासूबाईंच्या कमरेला अजून किल्ल्यांचा जुडगा असतो. मला नवी नवी असताना त्याचं हसू यायचं. आता वाटतं, त्यांना एक गोष्ट आपल्यापेक्षा पक्की कळली होती. घर कुणाचं हे सातबाऱ्यावरून नाही, किल्ली कुणाकडे आहे त्यावरून ठरतं. माझ्या आईच्या वहीची किल्ली माझ्याकडे नव्हती. ती एका चोरट्या प्रोग्रॅममध्ये होती, आणि तो विकत घेतला असता तरी ती त्या प्रोग्रॅमबरोबरच राहिली असती.

किल्ल्या नुसत्या कंपन्यांकडेच असतात असंही नाही. सरकार आणि न्यायालयंही कुलपं घालतात, आणि कधी कधी चोराचं निमित्त होऊन अख्ख्या आळीला कुलूप लागतं. 2012 साली 'कोलावेरी' गाणं आठवतंय ना? ते ज्या तमिळ चित्रपटात होतं त्याचं नाव '3'. त्याच्या चोरट्या प्रती इंटरनेटवर फिरू नयेत म्हणून निर्मात्यांनी मद्रास उच्च न्यायालयातून मनाई आणली. मागणं काही गैर नव्हतं. पण मे महिन्यात इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांनी त्या आदेशाच्या नावाखाली अख्ख्याच्या अख्ख्या वेबसाइट बंद करून टाकल्या. 'विमिओ'सारख्या, जिथे लोक स्वतः काढलेल्या फिल्मा ठेवतात, त्यासुद्धा! जूनमध्ये न्यायालयाला सांगावं लागलं की नेमका जो पत्ता चोरीचा आहे तेवढाच बंद करा, सगळं संकेतस्थळ नको. एका पाकीटमारासाठी सबंध बाजार बंद करण्यातला प्रकार.

आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरातली पालघरची गोष्ट तर आपल्या महाराष्ट्रातलीच. बाळासाहेब ठाकरे गेले, दुसऱ्या दिवशी सगळं बंद होतं. एका तरुण मुलीनं फेसबुकवर त्या बंदबद्दल चार ओळी लिहिल्या. तिच्या मैत्रिणीनं नुसतं 'लाईक' केलं. दोघींना पोलिसांनी अटक केली. एकीच्या काकांच्या दवाखान्याची मोडतोड झाली. त्यांना जामीन मिळाला, पुढे प्रकरण मिटलं, पोलीस अधिकाऱ्यांवरही निलंबनाची कारवाई झाली. पण माझ्या लग्नाला तेव्हा वर्षच झालं होतं, आणि सासऱ्यांनी मला बोलावून सांगितलं, "सूनबाई, तुम्ही तिथं काही लिहीत जाऊ नका." प्रेमानंच सांगितलं त्यांनी. मीही "बरं" म्हटलं. त्यानंतर कितीदा तरी काही लिहायला घेतलं आणि पाठवायच्या आधी पुसून टाकलं आहे. रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल, शाळेतल्या पुस्तकांबद्दल, असल्या साध्या गोष्टीसुद्धा. माझं लिहिणं पुसायला कुणी पोलीस आला नव्हता. मीच पुसत होते.

ज्या कलमाखाली त्या मुलींना धरलं ते माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66-अ. कुणाला त्रास झाला, गैरसोय झाली, अशा सैल शब्दांवर तीन वर्षं कैद. श्रेया सिंघल ही कायद्याची विद्यार्थिनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि 24 मार्च 2015 ला न्यायालयानं ते कलमच रद्द केलं. एका मुलीनं हे केलं, ह्याचा मला बाई म्हणून अभिमान वाटतो. मात्र रद्द झालेल्या कलमाखाली त्यानंतरही ठिकठिकाणी पोलीस गुन्हे नोंदवत राहिले, आणि 2021 साली सर्वोच्च न्यायालयानंच त्याबद्दल आश्चर्य आणि संताप व्यक्त केला. त्याच 2015 च्या निकालात 69-अ हे दुसरं कलम मात्र कायम राहिलं. त्याखाली सरकार देशाच्या सुरक्षिततेसारख्या कारणांसाठी एखादं संकेतस्थळ किंवा अ‍ॅप बंद करू शकतं. 29 जून 2020 ला टिकटॉकसकट 59 चिनी अ‍ॅप्स बंद झाली ती त्याच कलमाखाली. ती बंद व्हावीत की नाही ह्यावर मतं वेगळी असू शकतात. सुरक्षितता ही चेष्टेची गोष्ट नव्हे. पण त्या नियमांप्रमाणे तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गुप्त ठेवायची असते, हे मला खटकतं. वर्गातल्या पोराला बाहेर काढलं तर कारण सांगावं लागतं, मग इथे का नको?

ऐकून घेतल्यावर हे म्हणाले, "एवढं सगळं बरोबर आहे. कंपन्या लबाड, सरकार कडक. मग आपण चोरलं तर काय बिघडलं?"

प्रश्न वाजवी होता. दोन दिवस मी त्यावर विचार केला. मला वाटतं, बिघडलं ते असं. ज्यानं स्वतः खोटी किल्ली बनवून घेतली आहे त्याला दुसऱ्याच्या कुलपाबद्दल तोंड उघडता येत नाही. प्रोग्रॅम बिघडला तर मी कुणाकडे तक्रार करणार होते? आईची वही परत द्या म्हणून कुणाला भांडणार होते? माझ्या बाजूनं एकही कागद नव्हता. आणि मुलाला काय सांगणार होते?

मग आम्ही बसून याद्या केल्या. हिशोबाचा प्रोग्रॅम ह्यांनी रीतसर विकत घेतला. वॉशिंग मशीन बदलायचं होतं ते पुढच्या वर्षावर ढकललं. जुनं अजून गुरगुरत चालतंय. टायपिंगसाठी मी 'लिब्रे ऑफिस' घेतलं. ते फुकट आहे, पण चोरीचं नाही. जगभरच्या लोकांनी लिहून, ज्याला हवं त्यानं वापरावं, वाटावं, बदलावं अशी लेखी परवानगी देऊन ठेवलं आहे. पाणपोईसारखं समजा. मराठी अक्षरांसाठी मुंबईच्या 'एक टाइप'ची 'मुक्ता' अक्षरं घेतली, तीही अशीच खुली.

आणि मुख्य म्हणजे युनिकोड. हे मला आधी कळलं असतं तर! जुन्या प्रोग्रॅममध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असत. आकार गेले की इंग्रजी उघडं पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' म्हणजे 2325, 'ळ' म्हणजे 2355, मग कॉम्प्युटर कुठल्याही कंपनीचा असो. तुमच्याकडे जुन्या पद्धतीनं टाईप केलेलं काही असेल, आईवडिलांची पत्रं, वंशावळ, स्तोत्रं, तर ते आजच युनिकोडमध्ये करून घ्या आणि एक प्रत कागदावर छापून ठेवा.

माझ्या फाईलचं काय झालं म्हणाल, तर माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानं जुनी अक्षरं युनिकोडमध्ये करणारं एक फुकटचं साधन शोधून दिलं. वही परत आली. पण अपघातातून उठलेल्या माणसासारखी. ऱ्हस्व वेलांट्या भलतीकडे, र-फार गळालेले, ळ च्या जागी भलतंच काही. रोज दुपारी दोन पानं सुधारते आहे. ओव्यांमध्ये काही शब्द अडतात, ते आता विचारायला आई नाही.

आमच्या भिशीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दिवाळी अंकांच्या पीडीएफ फिरायला लागल्या तेव्हा मी त्या पुढे पाठवल्या नाहीत. एकजण म्हणालीच, "आली मोठी हरिश्चंद्राची लेक!" हसून घेतलं. मग आम्ही आठजणींनी मिळून आठ अंक विकत घेतले आणि ते घरोघर फिरवले. विकत घेतलेला अंक मैत्रिणीला वाचायला देणं ही चोरी नव्हे. कायदा तेवढा निर्दय नाही. दिल्ली विद्यापीठाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानावर मोठ्या प्रकाशकांनी खटला भरला होता, तेव्हा 2016 साली दिल्ली उच्च न्यायालयानं विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी पुस्तकातले भाग झेरॉक्स करून देण्याला मुभा असल्याचं मानलं. शिकण्यासाठी घेणं आणि फुकट मिळतंय म्हणून वाटत सुटणं, ह्यातला फरक कायद्यालाही कळतो. आपल्याला कळायला हवा.

राहिली ती वर्गातली मुलगी. गणपतीच्या सुट्टीआधी मी वर्गात सगळ्या मुलांना सांगून टाकलं की बाईंच्या घरी दहा वर्षं चोरीचा प्रोग्रॅम होता आणि तुमच्या प्रश्नपत्रिका त्यावर निघत होत्या. आवाज थोडा कापला. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. त्या मुलीला म्हटलं, "तुला वर्गासमोर उभं केलं ते माझं चुकलं. उतरवलंस ते तुझं चुकलं. आता दोघीही नव्यानं लिहू."

तिनं 'माझी आजी' लिहून आणला. दीड पानच होतं, शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. पण आजी तिचीच होती.

आणि मी? त्या रात्री रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल चार सभ्य ओळी लिहिल्या, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि ह्या वेळी पुसल्या नाहीत.